सात खुर्च्यांतली तुझी कुठली

“कुठल्या खुर्चीत? मी एवढंच इचारतोय. कुठल्या खुर्चीत गेला त्यो?”

अण्णा ओरडत होते, भूपाल. तुझे थोरले भाऊ. जन्मभर तंबाखूच्या वखारीत बसून ज्यांचा घसा कायमचा बसलाय, जे लग्नात आशीर्वादसुद्धा खुणेनं देतात, ते निपाणीत असे ओरडत होते की तिकडं चिकोडीच्या म्हशींनी रवंथ थांबवला असेल. रक्षाविसर्जन आटोपून माणसं नुकतीच परतली होती. पाय धुऊन बाहेरच्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. मधोमध तुझ्या सात खुर्च्या, एकीवरही कुणी बसलेलं नाही. दाराबाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, मागचं फळकं खाली सोडलेलं.

पद्मावहिनी कोपऱ्यात सतरंजीवर होत्या, शेजारी तुझी लेक सुमती. अण्णा बघत होते भिंतीकडं, पण विचारत होते वहिनींनाच. त्या नुसत्या सतरंजीचा सुटलेला एक दोरा बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

तुमच्या घरची रीत तुला ठाऊक. माणूस ज्या खाटेवर गेलं ती खाट घरात ठेवायची नाही. वेशीबाहेर नेऊन सोडायची आणि मागं न बघता परत यायचं. उपाध्ये बिचारे सांगून थकले की आपल्या धर्मात असलं काही सांगितलेलं नाही, ही शेजारापाजारची संगत आहे. अण्णा म्हणाले, “धर्मात नसंल. आमच्या घरात हाय.” इथवर सगळं सरळ होतं. पण तू खाटेवर जाशील तर तू भूपाल कसला? तू गेलास खुर्चीत. आणि खुर्च्या सात, सातही अशा की त्यांना जन्माला घालणाऱ्यालाच ओळखू याव्यात.

त्यातून तू त्या केल्यास हलक्या. तुझी बातमी कळून गाव लोटलं, तेव्हा ज्यानं त्यानं वाटेतली खुर्ची एका हातानं उचलून बाजूला केली. कुणी परसात नेली, कुणी माडीवर, कुणी म्हाताऱ्या माणसासाठी अंगणात. संध्याकाळी आवराआवर करताना सगळ्या एकत्र आल्या आणि तुझी कुठली ते हरवलं. माझ्या घरातला सोफा असता तर ही पाळी आली नसती. माझ्या सोफ्यावर कुणी मेलं तर तो हलवायला मेलेल्यालाच उठून एका बाजूनं हात लावावा लागेल.

हसलास ना? मला त्या वेळी हसू आलं नाही.

“परशराम,” अण्णा माझ्याकडं वळले. “तू सांग. त्यो कायम त्या इलायती खुर्चीतच बसणार. ती तूच त्येच्या गळ्यात मारल्यालीस. वळख आता. न्हायतर साती भाईर काढतो.”

गळ्यात मीच मारली होती, खरं आहे. आठवतं ना तुला? बेळगावात, कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात. तिथली म्हातारी मडम वारली होती, नात्यागोत्यातलं कुणी यायला तयार नव्हतं, आणि सामानाचा लिलाव पुकारायला मी एका खोक्यावर उभा होतो. आता माझ्या धंद्यात नुसती वस्तू विकली जात नाही, तिच्यामागं काहीतरी उभं करावं लागतं. तुटका पंखा असला तर त्याच्याखाली गव्हर्नर झोपून गेलेला असतो. फुटकी बरणी असली तर तिच्यातलं लोणचं राणीला पार्सल गेलेलं असतं. ती खुर्ची हातात आली तेव्हा मात्र माझीच जीभ अडखळली. पाय शेरडाच्या पिल्लासारखे, पाठीला वाकवलेलं एकच फळकूट, बसायच्या जागेची दोरी फाटून लोंबत असलेली. मी दम घेतला आणि पुकारलं की या खुर्चीत बसून साहेबानं याच खिडकीतून गुंजीच्या जंगलातला वाघ मारला होता.

कुणी बोली लावेना. मागून तू आलास, पांढऱ्या पायजम्यातला काटकुळा माणूस, आणि सरळ खुर्ची उलटी केलीस. जनावर घेताना दात बघतात तसं तिचं पोट बघितलंस. तिथं शिक्का होता, मेड इन डेन्मार्क. तू मला शांतपणे विचारलंस, “वाघबी डेन्मार्कचा हुता काय रं?”

तिथनं आपलं जुळलं. मी बेळगुंदीचा, तू निपाणीचा. जगातली सगळ्यांत गोड रताळी माझ्या गावात पिकतात आणि तुझ्या धर्मात जमिनीखालचं काही चालत नाही, म्हणून तू जन्मात त्यांना तोंड लावलं नाहीस. तरी प्रत्येक हंगामात मी तुझ्या दारात पोतं आणून टाकलं. तू ते शेजाऱ्यांत वाटत राहिलास. माझ्या गावाचं नाव निपाणीत तुझ्यामुळं झालं, तुझ्या तोंडात एक फोड न जाता.

तू ती खुर्ची एसटीच्या टपावर टाकू दिली नाहीस. मांडीवर घेऊन बसलास. कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं, असं मी पुढं जन्मभर सगळ्यांना सांगत आलो. तू दर वेळी म्हणायचास की कंडक्टरनं तसं काही मागितलं नव्हतं. आता ते म्हणायला कुणी राहिलेलं नाही, म्हणून सांगून टाकतो: नव्हतंच मागितलं. उलट त्यानं उठून तिला जागा करून दिली होती. पण तेवढ्यानं गोष्ट रंगत नाही.

तोवर तू लग्नाचं फर्निचर करायचास. घरच्या तंबाखूच्या वखारीतला एक कोपरा तुला अण्णांनी दिलेला, तिथं दिवाण, कपाटं, ड्रेसिंग टेबलं. प्रत्येकावर मोर. मोर नाही असं फर्निचर आपल्या भागात मुलीला देतच नाहीत. सिंहाचे पंजे असलेले पाय, द्राक्षाचे घोस, आरशाच्या माथ्यावर कलश. चार माणसांनी ‘हं’ करून उचलावं, उचलताना एकाची कंबर धरावी, तर ते फर्निचर. तू ते करायचास आणि बरंही करायचास. मग ही खुर्ची आली. तू ती सुटी केलीस आणि तुला आत एक खिळा सापडला नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत गेलेली, बस्स. ज्या जागी माणसाचा भार पडतो तिथं लाकूड जाड, जिथं पडत नाही तिथं काढून टाकलेलं. हात ठेवायच्या जागी हात ठेवल्यासारखीच वळलेली. तू मला बोलावून घेतलंस आणि डोळे मिटून त्या हातावर बोटं फिरवायला लावलीस. मी म्हणालो, लाकूड हाय. तू म्हणालास, “हात फिरीव की. गडबड कशाला करतोस?”

मग तुला वेड लागलं. बेळगावच्या रद्दीवाल्यांकडं परदेशी मासिकं शोधत हिंडलास. पुढं हातात मोबाईल आला तेव्हा तर विचारायलाच नको. मी दुःखाची बातमी द्यायला फोन केला तरी तू उत्तरादाखल खुर्चीचा फोटो पाठवायचास. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड. पासपोर्टसुद्धा नसलेला माणूस, पण तिकडच्या हवापाण्याचं असं सांगायचास की जणू तुझी एक बहीण तिकडं दिलेली आहे. तिथं अर्धं वर्ष ऊन नसतं म्हणायचास. माणसं घरात कोंडलेली, घरं लहान, मोठं युद्ध होऊन गेलेलं, कुणाच्या हातात फार काही उरलेलं नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की जे करायचं ते रोजच्या हाताला बरं वाटेल असं करायचं, आणि ते राजवाड्यासाठी नाही, कामावर जाणाऱ्या माणसाच्या दोन खोल्यांसाठी. लाकूड फिकट ठेवायचं म्हणजे खोलीत उजेड राहतो. सागवान मात्र त्यांनी आपल्या पूर्वेकडच्या देशांतनं नेलं. “बघ,” तू म्हणायचास, “लाकूड आपल्या अंगणातलं. तिकडं जाऊन बारीक हुन परत आलं.”

मी म्हणायचो, आजारी पडून परत आलं म्हण की.

आणि ती बसायची दोरी! मूळची ती कागदाची असते, पीळ दिलेल्या कागदाची, हे तू मला सांगितलंस तेव्हा मी तुझ्या वखारीतून उठून चालता झालो होतो. कागदावर माणूस बसवणारा देश माझ्या पचनी पडेना. तुला इथं कागदाची दोरी कुठली मिळायला? तू अंबाडीची आणलीस, आणि विणायला वहिनी बसल्या. पहिली वीण तीनदा उसवली. चौथ्यांदा अशी बसली की वर हात आपटला तर ढोलकीसारखा आवाज यायचा. त्या विणायच्या आणि तू समोर बसून रंधा मारायचास. पातळ साल निघत राहायची, आणि एकदम थांबून तू म्हणायचास, “साकु.” कानडीत पुरे म्हणायचं झालं की आपण सगळेच साकु म्हणतो. जेवताना म्हणतो, भांडताना म्हणतो. पण लाकडाला साकु म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मला कधीच कळलं नाही की नेमकं कुठं पुरे झालं हे तुला कसं कळायचं. मला कुठल्याच बाबतीत ते कळलेलं नाही.

खुर्ची चांगली झाली की नाही यासाठी तुझी परीक्षा एकच. सकाळी लोटताना बाईला ती एका हातानं उचलता आली पाहिजे, दुसऱ्या हातात केरसुणी असताना. वहिनींनी उचलली की पास. माझा यावर आक्षेप होता आणि अजून आहे. मी म्हणायचो, भूपाल, वस्तूला वजन पाहिजे. माणूस गेल्यावर मागं काहीतरी जड उरलं पाहिजे. तुझ्या खुर्च्या वाऱ्यानं उडतील. आपलं हे भांडण तू अर्ध्यात टाकून गेलास. शेवटचा डाव माझा होता की तुझा, तेही आता आठवत नाही.

तू एकसारख्या सहा केल्यास. त्या मूळच्या खुर्चीलाही अंबाडीचीच वीण दिलीस. लाकूडही माझ्याच लिलावातलं, पाडलेल्या घरांच्या तुळयांचं, मूळच्या खुर्चीइतकंच म्हातारं. सातही तेल पिऊन एका रंगाच्या झाल्या. आणि मग एक दिवस तू मूळच्या खुर्चीच्या पोटावरचा शिक्का रंध्यानं काढून टाकलास. मी तुझ्या अंगावर धावून आलो होतो. अरे, तो शिक्का म्हणजेच ती खुर्ची, तेवढ्यासाठी लोक मुंबईहून येतील. तू रंध्यातला भुसा फुंकून म्हणालास, “आपल्याला जन्मल्यापास्नं इचारत्यात, तू इकडचा का तिकडचा. आता खुर्चीलाबी इचारायचं व्हय रं?”

यावर सीमाभागातला माणूस काय बोलणार? मी गप्प बसलो. मी गप्प बसल्याची निपाणीच्या इतिहासातली ही एकमेव नोंद.

पण मी सोडलं नाही. दर खेपेला आलो की सातांतली एक दाखवून छातीठोक सांगायचो, ही इलायती. तू म्हणायचास, “बस की मग तिच्यावर.” आणि मी दारातल्या पायरीवर बसायचो. माझ्या अंगाखाली बैलगाडीचे आख वाकलेत, तुझे शेरडाचे पाय काय टिकणार? मी बरोबर ओळखली की चूक, हे तू कधी सांगितलं नाहीस. मी कधी बसलो नाही. दोघंही हट्टानं म्हातारे झालो.

सुमतीच्या सासरचं, सदलग्याचं बोलू का? इतके दिवस ते बोलायचं टाळलं. सुमतीच्या लग्नात तू तिला मोराचं फर्निचर दिलं नाहीस. तुझं दिलंस. पलंग, कपाट, टेबल, चार खुर्च्या. आणि पत्र्याच्या पाकळ्या एकावर एक लावलेला तो दिवा, ज्यातला बल्ब कुठनंही बघितलं तरी डोळ्यात येत नाही. रिवाजाप्रमाणं सामान ट्रॉलीवर मांडून सदलग्यातनं मिरवलं. बाया दारात आल्या. एवढ्या मोठ्या ट्रॉलीवर तुझं सामान असं दिसत होतं जणू कुणी उचलून न्यायचं राहून गेलंय. एका म्हाताऱ्यानं मला अडवून अगदी आपुलकीनं विचारलं की बाकीचं फर्निचर मागनं येतंय काय. मी म्हणालो, येतंय, तीन ट्रक येत्यात, पुलाला वजन पेलंना म्हणून थांबलेत. तेवढ्यावर ती मिरवणूक निभावली. सुमतीच्या सासूनं मात्र दिवा माळ्यावर टाकला आणि दोन खुर्च्या गोठ्यात नेल्या.

तू लेकीला बघायला गेलास तेव्हा ते तुला दिसलं. परत येताना मी तुझ्याबरोबर होतो. मी शिव्या देत होतो, तू खिडकीबाहेर बघत होतास. खूप वेळानं म्हणालास, “धार काढाय बरोबर उंचीची हाय. म्हसरांजवळच बसायचं असतंय त्यास्नी. तितंच ठेवणार की.” मी विचारलं, वाईट वाटलं का तुला? तू म्हणालास, “साकु, परशा.”

ते साकु कुठलं होतं, भूपाल? लाकूड बरोबर पातळ झाल्याचं, की मला गप्प करायचं? हे विचारायचं राहिलं. तू बाहेर बघत होतास म्हणून मला तुझा चेहराही दिसला नाही. त्यानंतर तू नवीन केलं नाहीस. वखारीतला कोपरा अण्णांना परत दिलास. केलेलं सगळं विकलं, वाटलं. घरात राहिल्या या सात. तुम्ही दोघं त्यांच्यावर आलटून पालटून बसायचात, भाजी निवडताना एक, पेपर वाचताना दुसरी, दिवेलागणीआधी जेवताना तिसरी. सगळ्या वहिनींच्या हातच्या विणीच्या. त्या दिवशी सोप्यात त्यांना बाहेर काढायला ट्रॉली लावली होती, आणि थांबवायचं माझ्या हातात होतं.

म्हणून सांगतो, मला हसू आलं नाही. मी सात खुर्च्यांभोवती फिरलो. सगळं घर माझ्याकडं बघत होतं. लिलावाला उभा राहिलो की माझ्या अंगात वारं शिरतं, त्या दिवशी शिरलं नाही. खरी दाखवली तर तू मांडीवरनं आणलेली, तुला शहाणं किंवा वेडं काय केलं असेल ते केलेली खुर्ची वेशीबाहेर जाणार. खोटी दाखवली तर अण्णांची रीत फसवली, आणि ज्या लाकडावर तू शेवटचा श्वास सोडलास ते घरातच राहिलं. आता ते चांगलं की वाईट, तेही मला ठरवता येईना. काहीच बोललो नाही तर साती जाणार. आणि मुळात, गड्या, मला ओळखू येत नव्हती. कधीच आली नव्हती. तू ते जाणून होतास म्हणूनच हसायचास.

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

एका खुर्चीच्या मागच्या पायावर एक वण होता, कशाचा तो देव जाणे. मी तिथं बोट ठेवलं आणि म्हणालो, ही. मडमेचं कुत्रं होतं, घोड्याएवढं, त्याला मडमेशिवाय दुसरं कुणी या खुर्चीत बसलेलं खपायचं नाही, त्यानं घेतलेला हा चावा. लिलावाच्या दिवशी मी स्वतः बघितलेला. बोलत गेलो तसा आवाज भरत गेला. भिंतीकडचा एक जण मान हलवून म्हणालासुद्धा, “व्हय, भूपालआप्पांनी मलाबी दावलं हुतं.” खोटं बोलायला मला कधी साक्षीदार कमी पडले नाहीत. पण त्या दिवशी तो माणूस बोलला आणि वाटलं, यानं तरी म्हणायला हवं होतं की परशराम, गप बस.

ट्रॉलीवरची माणसं पुढं आली. अण्णांनी त्यांना हातानं थांबवलं. स्वतः वाकले आणि दोन्ही हातांनी जोर लावून खुर्ची उचलली. एवढा जोर लावला होता की ती एकदम छातीपर्यंत वर आली आणि अण्णाच मागं झोकांडले. तसेच उभे राहिले. त्याच वखारीत, तुझ्या शेजारी सगळा जन्म गेला, पण या माणसानं तुझ्या खुर्चीला कधी हात लावला नव्हता, भूपाल. “ही एवढी हलकी हुती?” ते म्हणाले. विचारलं कुणालाच नाही. आवाज परत नेहमीसारखा, बसलेला. ट्रॉली त्यांनी परत पाठवली. वेशीपर्यंत खुर्ची स्वतः घेऊन चालत गेले. मी मागनं चाललो होतो. अण्णा ती कधी या हातात घेत, कधी त्या. ठेवल्यावर मागं बघायचं नसतं. अण्णांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी खुर्ची तिथं नव्हती. पुढं कुणी सांगितलं की हायवेला उसाच्या रसाच्या गाड्याजवळ तसलीच एक दिसली, तिच्यावर एक ट्रकवाला पाय पसरून झोपला होता. तुला ते आवडलं असतं, असं मी दोन-चार जणांना सांगितलं. खात्री नाही. कदाचित तीच डेन्मार्कची असेल. कदाचित तू तिच्यात बसला होतास. माझी झोप उडाली, आणि मी असा माणूस आहे की भूकंपात झोपलो होतो. तो भूकंप कधी झालाच नव्हता, हे तू म्हणायचं.

गावात मी तुझ्या जाण्याची गोष्ट सांगत फिरत होतो. खुर्चीत बसल्या बसल्या गेला, समोर चहाचा कप, हातात पेन्सिल, कागदावर अर्धी रेघ. पेन्सिल आणि रेघ माझी. खुर्ची सगळ्यांनी बघितलेली. माणसं म्हणायची, भाग्याचा. मी म्हणायचो, स्वतःच्या हातच्या वस्तूत मरण यायला पुण्य लागतं. सांगता सांगता मलाच बरं वाटायचं. मग घरी यायचो आणि तो वण डोळ्यांपुढं यायचा.

शेवटी काल वहिनींकडं गेलो. मी नेहमीसारखा पायरीवर बसायला लागलो, तशा त्या आतून आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातानं त्यांनी खुर्ची उचलून माझ्यापुढं ठेवली. त्या घरात आता पायरीवर बसायला कारण काढावं लागलं असतं, आणि माझ्याकडं कारण उरलं नव्हतं. मी बसलो. देवाचं नाव घेऊन बसलो.

मोडली नाही, भूपाल. कुरकुरलीसुद्धा नाही. ते वाकडं फळकूट पाठीला जिथं लागलं तिथं माझी पाठ दुखते, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. हात आपोआप जिथं गेले तिथं लाकूड होतं. मी इतका वेळ गप्प बसलो की वहिनींनी विचारलं, चहा ठेवू का भाऊजी? तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडतोय. भांडण तू जिंकलास असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या बाजूनं काय म्हणणं होतं ते मला काल पहिल्यांदा ऐकू आलं, आणि तू नव्हतास.

मग मी विचारलं. वहिनी, खरं सांगा, मी अण्णांना बरोबर दाखवली का? तो गेला ती तीच होती का?

त्या स्टोव्हकडं तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, “ते खुर्चीत गेलेच न्हाईत.”

तू परसात गेलास. मागल्या दारातनं कढीपत्ता तोडायला म्हणून गेलास आणि तिथंच पडलास. दुपारची वेळ, हाका मारल्या तर जवळपास कुणी नव्हतं. वहिनी तुझ्याजवळ मातीत बसल्या. सगळं संपलंय हे त्यांना कळलं. माणसं येतील आणि ह्यांना असं तोंडात माती घेऊन पडलेलं बघतील, हे त्यांच्यानं बघवेना. त्यांनी तुला काखेत धरून आत ओढत आणलं, तोंड पुसलं, सदरा बदलला, खुर्चीत बसवलं, समोर चहाचा कप ठेवला, आणि मग दारात जाऊन हाक मारली. “लई हलके झालते,” एवढंच त्या मधे म्हणाल्या.

मग न राहवून, सवयीनं, पुन्हा तेच विचारलं. कुठल्या खुर्चीत बसवलंत वहिनी? त्या इलायती?

त्यांनी चहा गाळला.

“जी जवळ हुती ती.”